निर्माल्य व केर

आपल्या पत्रिकेंत सणवार, व्रतें, संतचरित्रें अशा विषयांवर लेख येतात, व ते लिहिणारी मंडळी वयानें व विद्येनें माझ्याहून वडील असतात. माझें शिक्षण शाळेपुरतेंच झालें. त्यापुढें जें कांहीं शिकलों तें घरीं, वडिलांच्या मागून पूजेचें साहित्य घेऊन चालतांना. तेव्हां शास्त्रार्थ सांगण्याचा मला अधिकार नाहीं, हें आधींच कबूल केलेलें बरें. परंतु गेल्या श्रावणांत एका लहानशा प्रसंगानें माझ्यापुढें असा प्रश्न उभा केला कीं, तो चार जाणत्या माणसांपुढें मांडल्यावांचून मनाला स्वस्थता येईना. म्हणून हें धाडस करीत आहें.

प्रश्न असा: जी जागा आपल्या मालकीची नाहीं, जेथें आपणांस ओळखणारें कोणी नाहीं, आणि जेथें आपण पुन्हा येऊंच असेंही नाहीं, त्या जागेचें आपण कांहीं देणें लागतों काय? लागत असल्यास तें देणें कोणाचें?

प्रथम प्रसंग सांगतों.

श्रावणांत भिक्षुकाच्या घरीं सहलीची गोष्ट कोणी काढीत नाहीं. सोमवारचे अभिषेक, मंगळागौरी, शुक्रवारची जिवतीची पूजा, त्यांत घरोघरचे सत्यनारायण. वडिलांचा पाय घरांत ठरत नाहीं. परंतु एका रविवारची ठरलेली पूजा यजमानांकडे सुतक आल्यामुळें पुढें गेली, आणि आठ वर्षांच्या पुतणीनें कित्येक दिवस धरलेला हट्ट एकदांचा पुरा झाला. तिला पाताळपाणीचा धबधबा पाहावयाचा होता. थोरल्या बंधूंनीं एक मोटार भाड्यानें ठरविली, व देवाचें सकाळचें सर्व आटोपून वडील, आई, बंधू, वहिनी, पुतणी व मी असे सहाजण निघालों.

इंदूरकरांना पाताळपाणीची ओळख करून देण्याची गरज नाहीं. पण ही पत्रिका बाहेरगांवींही जाते, म्हणून दोन शब्द लिहितों. इंदूरपासून पस्तीस किलोमीटरांच्या आसपास, महूच्या पुढें, माळव्याचें पठार एकाएकीं संपतें आणि जमीन निमाडाकडे खोल उतरूं लागते. त्या कड्यावरून सुमारें तीनशें फूट खालीं पाणी पडतें. उन्हाळ्यांत तेथें काळा खडक व एखादा बारीक ओघळ एवढेंच असतें. पावसाळ्यांत मात्र त्याचा आवाज दुरून ऐकूं येतो. जवळूनच इंदूर-खांडवा हा जुना रूळमार्ग घाटांत उतरतो. त्याच्यासाठीं दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनीं १८७० सालीं इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, ही गोष्ट वडील प्रत्येक वेळीं सांगतात व त्याही दिवशीं त्यांनीं ती सांगितली. आईला पाण्याची धास्ती. २०११ च्या जुलैंत याच ठिकाणीं अचानक आलेल्या लोंढ्यांत एका कुटुंबांतील माणसें वाहून गेलीं, तें तिच्या मनांतून जात नाहीं. म्हणून पाण्यापासून दूर, पण धबधबा दिसेल अशी एखादी जागा आम्ही शोधूं लागलों.

तशी जागा सांपडेना. जागा पुष्कळ होत्या; पण प्रत्येक ठिकाणीं आमच्यापूर्वीं कोणी तरी बसून गेल्याच्या खुणा होत्या. कागदी ताटल्या, थर्माकोलचे द्रोण, वेफर्सच्या व शेवेच्या चकचकीत पिशव्या, पानमसाल्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, खाऊन टाकलेलीं कणसें, एका खडकाच्या खांचेंत फुटलेल्या बाटलीच्या कांचा. पावसानें हें सारें भिजून त्याला आंबूस वास सुटला होता. वानरें पिशव्या फाडून आंतलें मीठ चाटीत होतीं. एकदां वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ती बंदी दरीच्या कांठापर्यंत पोंचली नसावी. पुतणी धबधबा पाहण्याऐवजीं नाकाला रुमाल लावून वानरांकडे पाहत राहिली. आई दोनदां म्हणाली, "एवढ्या लांब आलों तें ह्यासाठीं का?"

शेवटीं एका पळसाखालीं सतरंजीपुरती जागा आम्हीं साफ केली. साफ केली म्हणजे काय, तर बंधूंनीं व मीं काटकीनें तेथला केर दोन हात पलीकडे लोटला. मग सतरंजी अंथरली, दशम्या व चटणी काढली, आणि त्या केराकडे पाठ होईल अशा बेतानें जेवायला बसलों. आपण काय केलें हें त्या वेळीं माझ्या ध्यानांतही आलें नाहीं.

जेवण होत आलें तेव्हां आमच्यापासून वीसेक पावलांवर बसलेला पांचसहा तरुणांचा घोळका उठला. माझ्याच वयाचे असतील. कोणाचा तरी वाढदिवस होता. केकचा खोका, ताटल्या, पेले, फुगे, सर्व जागेवर टाकून ते निघाले. मला राहवलें नाहीं. मी उठून त्यांच्याकडे गेलों व कोठले म्हणून विचारलें. इंदूरचे, असें उत्तर आलें. तेव्हां तर माझा पारा अधिकच चढला. मीं म्हटलें, स्वच्छतेंत देशांत पहिल्या आलेल्या शहराचे म्हणवतां, आणि तुमचें वागणें हें असें?

त्यांतला एकजण मुळींच उद्धट नव्हता. तो शांतपणें हिंदींत म्हणाला, भाऊ, घरीं आम्ही ओला-सुका सर्व वेगळा ठेवतों, माझी आई तर एक कागद इकडचा तिकडे होऊं देत नाहीं. पण येथें गाडी कोठें येते?

मला उत्तर सुचलें नाहीं. ज्याला उत्तर सुचत नाहीं तो आवाज चढवितो, तसा मींही चढविला. त्यांनीं केकचा खोका तेवढा उचलला, बाकीचें तेथेंच राहिलें, व ते निघून गेले.

वाचकांपैकीं जे इंदूरचे नाहींत त्यांना 'गाडी' म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे. केंद्र सरकारच्या स्वच्छता-पाहणींत २०१७ सालीं इंदुराचा पहिला क्रमांक आला व २०२३ पर्यंत सलग सात वर्षें तो टिकला. शेवटच्या वर्षीं सुरत बरोबरीला होती. त्या यशाच्या मुळाशीं जर एखादी गोष्ट असेल तर ती ही दारावर येणारी गाडी. ती गाणें वाजवीत येते, ओलें एकीकडे व सुकें दुसरीकडे घेते, आणि जातांना आपल्या घराबरोबर आपल्या मनावरचाही भार घेऊन जाते. मला माझ्या शहराचा अभिमान आहे. रस्त्यावर कागद टाकतांना आज इंदूरचा माणूस खरोखरच बिचकतो. परंतु त्या तरुणाच्या एका वाक्यानें मला असें दाखविलें कीं, आमचें हें बिचकणें गाडीच्या चाकांवर बसलेलें आहे. गाडी जेथवर जाते तेथवर तें जातें. पुढें उतरून पायीं चालत नाहीं.

येथवर हा लेख थांबला असता तर तो सोपा झाला असता. दुसऱ्याचा दोष सांगून झाला होता, आणि आपण त्याला जागच्या जागीं बोललों याचें समाधानही पदरांत पडलें होतें. पुढें जें घडलें तें सांगावयास मला संकोच वाटतो; पण तें गाळलें तर लिहिण्याला अर्थ उरणार नाहीं.

परत निघण्याची आवराआवर चालली असतां वडिलांनीं आपल्या झोळींतून एक फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिचें तोंड गांठ मारून घट्ट बांधलेलें होतें. चार घरच्या पूजांचें निर्माल्य होतें तें. आमच्याकडे ही नित्याची गोष्ट आहे. कोठेंही वाहतें पाणी लागणार असलें कीं सांचलेलें निर्माल्य बरोबर घ्यावयाचें. आजवर अशा किती पिशव्या मीं स्वतःच्या हातांनीं पुलावरून सोडल्या असतील याची गणती नाहीं. सोडल्यावर हात जोडावयाचे, हेंही ठरलेलें. वडील मला म्हणाले, "बाळ, एवढें वाहत्या पाण्यांत सोडून ये. फार पुढें जाऊं नकोस."

मीं पिशवी हातांत घेतली. पुतणी जवळच उभी होती. तिनें पिशवीकडे पाहिलें, मघां ते तरुण बसले होते तिकडे पाहिलें, आणि मला विचारलें, "काका, आपण टाकलेलें चालतें का?"

तिच्या विचारण्यांत टोमणा नव्हता. ओला कचरा कोणता व सुका कोणता हें तिला शाळेंत शिकवितात. हा त्यांतला कोणता, एवढेंच तिला उमगेना. वडिलांनीं तें ऐकलें व म्हणाले, "तो कचरा नव्हे बाळे, निर्माल्य आहे."

माझ्या तोंडून निघून गेलें, "अण्णा, आंतलीं फुलें निर्माल्य आहेत. पिशवीही निर्माल्य आहे का?"

वडिलांना मीं कधींही उलट विचारलेलें नाहीं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि मग लाल झाला. ते म्हणाले, "मग काय करूं? कचऱ्याच्या गाडींत घालूं? देवाच्या मस्तकावरचें फूल त्या गाडींत?"

त्या दिवशीं दुसऱ्यांदा मला उत्तर सुचलें नाहीं, आणि दोन्ही वेळां उत्तर न सुचण्याचें कारण ती गाडीच होती. आम्ही दोघेही पिशवी मध्यें धरून तसेच उभे राहिलों. अखेर आई म्हणाली, "अहो, पाऊस आलाच. ती पिशवी इकडे द्या. घरीं गेल्यावर काय तें बघूं." तिनें ती रिकाम्या डब्यांच्या शेजारीं ठेवून दिली. परतीच्या वाटेवर महूला चहा झाला, पण गोष्टी झाल्या नाहींत. तुकोजीरावांची कथा वडील येतांनाही सांगतात. ती त्या दिवशीं त्यांनीं सांगितली नाहीं.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. वडिलांना दुखविलें ही टोंचणी होतीच. परंतु तिच्या खालीं दुसरें कांहीं तरी सलत होतें. मीं त्या तरुणांना कोणत्या अधिकारानें बोललों? धबधब्याच्या प्रेमानें, कीं माझी सुटी खराब झाली या रागानें? मनाशीं प्रामाणिकपणें पाहिलें तेव्हां दुसरेंच कारण अधिक खरें वाटलें. केर माझ्या सतरंजीखालीं होता तेव्हां मला तो बोंचला. दोन हात पलीकडे गेल्यावर मला दशम्या गोड लागल्या. त्या तरुणांचें वागणें आणि माझें तें लोटणें यांत जातीचा फरक नाहीं, अंतराचा आहे.

आणि पिशवीचें काय? तो तरुण म्हणाला, येथें गाडी येत नाहीं, म्हणून टाकतों. वडील म्हणाले, गाडीची योग्यता नाहीं, म्हणून पाण्यांत सोडतों. त्याच्या लेखीं ती दरी इतकी बेवारशी कीं तेथें नियम लागू नाहीं. आमच्या लेखीं तें पाणी इतकें पवित्र कीं त्याला कशानेंच बाध येत नाहीं. दोन टोकांचीं हीं कारणें. पण पाण्यापर्यंत पोंचतें तें एकच. मला तर असें वाटतें कीं, आमचें कारण अधिक घातक आहे. कचरा टाकणाऱ्याला निदान आपण कचरा टाकला हें ठाऊक असतें, आणि कोणी हटकलें तर त्याची मान थोडी तरी खालीं जाते. आम्ही मात्र टाकून हात जोडतों.

कोणी म्हणेल, शास्त्रांत निर्माल्य पाण्यांत सोडावयास सांगितलें आहे, मग एवढा खल कशाला? मीं भीत भीत वडिलांच्या पोथ्या चाळल्या. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत मलमूत्र, थुंकी व इतर अमंगळ वस्तू पाण्यांत टाकूं नयेत असा स्पष्ट निषेध आहे. पण वडिलांचें म्हणणें त्यालाही सुटतें, कारण निर्माल्य अमंगळ नाहींच. त्या दृष्टीनें ते बरोबर आहेत, हें मला मान्य करावें लागलें. तेढ फुलांत नाहीं. ती पिशवींत आहे. जुन्या काळीं शुद्ध काय, अशुद्ध काय, याचा विचार झाला तो मरणाऱ्या वस्तूंविषयीं झाला. फूल सुकतें, पान कुजतें, माती विरघळते, राख मिसळते. ज्याला नाहींसें होतां येतें त्याचें विसर्जन करतां येतें. मृण्मय मूर्तीचें आपण विसर्जन करतों याचा अर्थ ती जेथून आली तेथें तिला पोंचवितों. प्लॅस्टिकला जाण्याचें ठाऊक नाहीं. त्याला पाण्यांत सोडलें तर तें विसर्जन होत नाहीं, फेकणें होतें, मंत्र कोणताही म्हणा. पिशवीच्या बाबतींत शास्त्र गप्प आहे, आणि त्या गप्पपणाचा फायदा आम्हीं घेतला.

आतां तें पाणी जातें कोठें तेंही पाहा. पाताळपाणीचें पाणी दरींतून चोरल नदीच्या खोऱ्यांत उतरतें. चोरल बडवाहाजवळ नर्मदेला मिळते. तेथून प्रवाहाच्या खालच्या अंगास, मंडलेश्वराजवळ जलूद या गांवीं, नर्मदेचें पाणी उपसून सुमारें सत्तर किलोमीटर दूर इंदुरास चढविलें जातें. १९७८ पासून हें शहर तें पाणी पितें. म्हणजे ज्या धबधब्याकडे आम्ही पाठ फिरवून घरीं येतों, तोच दरी उतरून, नदी होऊन, नळानें आमच्या घरांत येतो. पिशवी वाटेंत कोठल्या तरी खडकाला अडकून राहील. पाणी अडकत नाहीं. रोज पहांटे वडील त्याच नळाचा कलश भरतात व कलशपूजनांत सात नद्यांचीं नांवें घेतात. त्यांत नर्मदेचें नांव आहे. हा मार्ग मला शाळेच्या भूगोलापासून माहीत होता. पण पुलावर उभा राहून हात जोडतांना तो कधीं आठवला नाहीं.

तथापि मी जो प्रश्न आरंभीं केला त्याचें उत्तर नळांत आहे असें मी म्हणणार नाहीं. आपलेंच पाणी परत येतें म्हणून घाण करूं नये, ही व्यापारी शहाणपणाची गोष्ट झाली. समजा, तें पाणी उलट दिशेला, चंबळेच्या बाजूस वाहत गेलें असतें. मग काय पिशवी सोडावयास हरकत नव्हती? धबधब्यापुढें उभें राहिल्यावर मनाला जें वाटतें, तें हिशेबाच्या पलीकडचें आहे. पुतणी मोटारींतून उतरून धांवत कांठाकडे निघाली होती ती आधीं त्या आवाजासाठीं. नंतर वास आला आणि ती थबकली. तिच्यापूर्वीं येऊन गेलेल्या कोणा अनोळखी माणसानें तिच्या वांट्याचें कांहीं तरी घेतलें होतें. आणि तिच्या मागून येणाऱ्या एखाद्या मुलाचा वांटा माझ्या हातांतल्या पिशवींत होता. देणें असलें तर त्या मुलाचें असावें, असें मला वाटतें. त्याचें नांव आपल्याला कळणार नाहीं व त्याला आपलें कळणार नाहीं. ओळखीच्या माणसाचें देणें लाजेनें फिटतें. बिनओळखीच्याचें फेडावयाला दुसरें कांहीं तरी लागतें.

आणखी एक देणें आहे, व त्याविषयीं लिहितांना हात अडखळतो. "देवाच्या मस्तकावरचें फूल त्या गाडींत?" हा वडिलांचा प्रश्न माझ्याही तोंडीं आला असता. पण 'त्या गाडींत' म्हणजे काय? गाडींत उष्टें-खरकटें असतें, फूल त्यांत पडूं नये, हें समजतें. परंतु त्याच्या आड, गाडीवर काम करणाऱ्या माणसाचा हात लागेल, असें तर मनांत नाहीं ना? मीं स्वतःला हें विचारलें आणि 'मुळींच नाहीं' असें उत्तर मला देतां आलें नाहीं. ज्या माणसाच्या कष्टांमुळें माझें अंगण व माझ्या शहराचें नांव उजळलें, त्याच्या गाडीला फूल देण्यास मी कचरतों, आणि नदीला प्लॅस्टिक देण्यास कचरत नाहीं. अशा वेळीं गाडगेमहाराजांची आठवण होते. १८७६ ते १९५६ हें त्यांचें आयुष्य. जन्म परिटाच्या घरीं, हातांत खराटा. ज्या गांवीं जात तेथें आधीं रस्ते व गटारें झाडीत आणि मग रात्रीं कीर्तनाला उभे राहत. गांव त्यांचें नव्हतें, केर त्यांचा नव्हता. तरी झाडणें आधीं आणि कीर्तन मागून, हा क्रम त्यांनीं सोडला नाहीं. आम्हीं त्यांच्या तसबिरीला हार घातले. त्या हारांचा दोरा बहुधा नायलॉनचा असतो.

धबधब्यापाशीं केराच्या पेट्या हव्यात, त्या रिकाम्या करणारा पगारी माणूस हवा, बंदी मोडणाऱ्याला दंड हवा, हें सर्व खरें आहे व तें ज्यांचें काम त्यांनीं करावें. त्यावर अधिक लिहीत नाहीं.

दोन दिवसांनीं, मंगळवारीं दुपारीं, वडिलांनीं ती पिशवी स्वतः सोडली. मी जवळ गेलों नाहीं. दारांतून पाहत होतों. त्यांनीं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एकेक वस्तु बाजूला काढली. बेल, दूर्वा, तुळस, झेंडू, कुजलेली शेवंती एकीकडे. दुसरीकडे काय काय निघालें! हारांचे नायलॉनचे दोरे, कापराची प्लॅस्टिकची पुडी, उदबत्तीचा चांदी लावलेला कागद, अत्तराची रिकामी कुपी, चमकीची झालर, एक फाटलेला लग्नपत्रिकेचा तुकडा आणि एका यजमानांच्या घरचें औषधाचें रिकामें पाकीट. तें पाकीट त्यांनीं बराच वेळ हातांत धरून ठेवलें होतें. मग मला हांक मारली व म्हणाले, "हें मीं नर्मदेला वाहिलें असतें."

त्यानंतर त्यांनीं जें सांगितलें तें मला नवीन होतें. माझे आजोबा पूजेचें निर्माल्य कधींच नदीवर नेत नसत. देवळाच्या मागच्या अंगणांत औदुंबराच्या बुंध्याशीं एक खड्डा होता. रोजचीं फुलें त्यांत पडत, वर माती पडे, आणि वर्षभरानें तीच माती तुळशींना जाई. दहाबारा वर्षांपूर्वीं एका भाविकाच्या देणगींतून अंगणाला फरशी बसली. चिखल गेला, पंगती मांडणें सोपें झालें, सर्वांना आनंद झाला. मी तेव्हां लहान होतों, मलाही झाला. खड्डा त्या फरशीखालीं गेला तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पिशव्या सुरू झाल्या त्या तेव्हांपासून. यजमानांच्या घरींही तेंच झालें होतें. वाड्यांच्या जागीं सदनिका आल्या, परसूं नाहीं, कुंडींत किती मावणार? म्हणून ते गुरुजींना म्हणत, तेवढें नदींत सोडा. आणि गुरुजी मुलाला म्हणत, सोडून ये. प्रत्येकानें पुढच्या हातांत दिलें. मुलाच्या पुढें हात नव्हता, पाणी होतें.

वडिलांनीं ही गोष्ट मंडळाच्या बैठकींत काढली. त्यांना तें सोपें गेलें नसेल, कारण फरशीच्या देणगीदारांचें घराणें आमचें जुनें यजमान आहे. कार्तिकांत औदुंबराजवळच्या चार फरशा निघाल्या आणि खड्डा पुन्हा झाला. आतां वडील पूजेला जातांना यजमानांना सांगतात, कीं निर्माल्य द्यावयाचें तर केळीच्या पानांत किंवा कागदांत द्या, दोरा काढून द्या. बहुतेक घरीं ऐकतात. एका घरीं बाई म्हणाल्या, "इतकीं वर्षें चालत होतें तें आतां काय झालें?" त्या घरचें बोलावणें त्यानंतर आलेलें नाहीं. कारण हेंच असेल असें नाहीं. पण आमच्यासारख्या घरांत असलें गणित मनांत होतेंच.

सुटीच्या दिवशीं पुतणी आजोबांच्या शेजारीं बसून हारांतून दोरे ओढून काढते. ते एका पत्र्याच्या डब्यांत ठेवलेले आहेत. डबा आतां भरत आला आहे. तो गाडींत द्यावा असें मीं दोनदां सुचविलें. दोरा देवाच्या अंगावरचा आहे, वडिलांचें मन होत नाहीं. ते म्हणाले, "बघूं." डबा अजून देवघराच्या फळीवरच आहे.